ॲम्प्लिफायर ‘प्रामाणिक’च असावा का?

एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक माझी आहे, आणि ती भौतिकशास्त्राच्या अध्यापकाला शोभणारी नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन दोन दिवसांवर आले असता अकरावीचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेत आला. म्हणाला, “सर, माझी गिटार साधी आहे, लाकडी पोकळ पेटीची. घोडीखाली पिकअप बसवून घेतला आहे. पण सभागृहात जो ॲम्प्लिफायर आणलाय तो इलेक्ट्रिक गिटारचा आहे. चालेल ना?” मी प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासत होतो. मान वर न करताच मी म्हणालो, “अरे, ॲम्प्लिफायर म्हणजे ॲम्प्लिफायर! आवाज मोठा करणे एवढेच त्याचे काम. लाव तार आणि वाजव.”

त्याने वाजवले. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आवाज आला. खर्ज नाही, तारांची चमक नाही. मागच्या रांगांतून “ऐकू येत नाही” अशी ओरड झाली. कोणीतरी बटण फिरवून आवाज वाढवला, तशी गिटार घुमू लागली आणि ते घुमणे थांबेचना. मुले हसली. तो अर्ध्यावरच उठला. पुढच्या वर्षी त्याने कार्यक्रमात नावच दिले नाही.

त्या दिवशी मी जे बोललो ते मला पाठ्यपुस्तकानेच शिकवले होते. वर्धकाची, म्हणजे ॲम्प्लिफायरची व्याख्या आपण अशी करतो: दुर्बल विद्युत् संकेताचा आकार न बदलता त्याचा परमप्रसर वाढवणारे उपकरण. परीक्षेत या व्याख्येला पूर्ण गुण मिळतात. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की ही व्याख्या अर्धीच आहे, आणि ती अर्धीच शिकवल्यामुळे आपले विद्यार्थी एक महत्त्वाचा प्रश्न विचारायचे विसरतात. तो प्रश्न म्हणजे, “कशासाठी?” दोन गिटारांचे दोन ॲम्प्लिफायर हे याचे उत्तम उदाहरण आहे.

आवाज कुठे जन्मतो?

प्रथम साधी गिटार घेऊ. नुसती ताणलेली तार छेडली तर तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो, कारण बारीक तार हवेला फारसे ढकलू शकत नाही. गिटारमध्ये तारेची कंपने घोडीमार्फत पातळ लाकडी फळीला मिळतात. ती रुंद फळी आणि पेटीतली हवा मिळून बाहेरची हवा हलवतात, आणि आवाज मोठा होतो. पण लक्षात घ्या, पेटी ऊर्जा निर्माण करत नाही. तारेत साठलेली ऊर्जाच ती अधिक वेगाने हवेला देते. म्हणून तिला ॲम्प्लिफायर म्हणणे बरोबर नाही. ॲम्प्लिफायर बाहेरच्या वीजपुरवठ्यातून ऊर्जा घेतो आणि दुर्बल संकेत तिला वळण लावतो.

या गिटारचा गोडवा तिच्या पेटीत आहे. कोणती कंप्रता उचलायची, कोणती दडपायची हे लाकूड, फळीची जाडी आणि आतील हवा ठरवतात. थोडक्यात, श्रोत्यांच्या कानी पडायचा आवाज इथे आधीच तयार झालेला असतो.

इलेक्ट्रिक गिटारचे तसे नाही. ती बहुधा भरीव लाकडाची असते. वीज नसताना वाजवून पाहा, शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जात नाही. तिच्या पोलादी तारांखाली चुंबक असतात आणि चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत बदलतो आणि वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. हेच फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन! नायलॉनच्या तारांवर हा पिकअप का चालत नाही, याचे उत्तर आता तुम्हीच द्या.

म्हणजे या गिटारमधून आवाज बाहेर पडतच नाही, संकेत बाहेर पडतो. पेटीचे काम अजून व्हायचे असते, आणि ते काम ॲम्प्लिफायरच्या गळ्यात पडते.

दोष होता, गुण झाला

अमेरिकेत वाद्यवृंद मोठे होऊ लागले तेव्हा कर्णे आणि ढोल यांच्यापुढे गिटारचा आवाज बुडून जाई. यावर उपाय म्हणून जॉर्ज बीचम यांनी रिकनबॅकर यांच्या साथीने विद्युत् गिटार तयार केली. तिचा नमुना १९३१ सालचा, आणि १९३२ पासून ती विकली जाऊ लागली. तिच्या आकारामुळे लोक तिला ‘तळणीचा तवा’ म्हणत. त्या काळी हेतू एकच होता, आवाज मोठा करणे. पुढे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने गिटार आणि त्यांचे ॲम्प्लिफायर दोन्ही बनवायला सुरुवात केली. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांनी फेंडरच्याच एका ॲम्प्लिफायरच्या धर्तीवर आपला ॲम्प्लिफायर काढला.

हे सारे ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचे होते. व्हॉल्व्ह त्याच्या मर्यादेबाहेर ताणला की संकेताचे शेंडे आणि तळ कापले जातात. गुळगुळीत साइन तरंगाचा आकार चौकोनाकडे झुकू लागतो. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हे विरूपण, म्हणजे दोष. पण वादकांना हा दोष आवडला! १९६४ साली इंग्लंडमधील ‘द किंक्स’ या वृंदाचे गिटारवादक डेव्ह डेव्हिस यांनी तर आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरच्या ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू मुद्दाम ब्लेडने कापला आणि त्या फाटक्या शंकूच्या खरखरीत आवाजात गाणे ध्वनिमुद्रित केले. ते गाणे कमालीचे गाजले.

असे का व्हावे? तरंगाचे शेंडे आणि तळ सारखेच कापले गेले तर मूळ कंप्रतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा नव्या कंप्रता निर्माण होतात. ११० हर्ट्‌झच्या स्वरात ३३०, ५५० आणि ७७० हर्ट्‌झ मिसळतात आणि आवाज भरगच्च वाटतो. दुसरे असे की तारेचा आवाज हळूहळू मावळत असतानाही कापलेल्या तरंगाची उंची बराच वेळ तेवढीच राहते, म्हणून स्वर लांबतो.

आणखी एक गंमत पाहा. दोन स्वर एकत्र वाजवले की विरूपणामुळे त्यांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या कंप्रताही उपजतात. समजा षड्ज ११० हर्ट्‌झ आणि पंचम १६५ हर्ट्‌झ आहे. वजाबाकी ५५, बेरीज २७५. दोन्ही ५५ च्या पटीत, म्हणजे सारे एकमेकांशी जुळलेले. आता पंचमाऐवजी गांधार घेऊ. गिटारच्या पडद्यावर तो सुमारे १३८.६ हर्ट्‌झला येतो. वजाबाकी २८.६, बेरीज २४८.६. हे आकडे कशाशीच नीट जुळत नाहीत, आणि आवाज गढूळ होतो. रॉक संगीतातले वादक जोरदार विरूपण वापरताना नुसते षड्ज-पंचम का वाजवतात, ते आता कळले ना? ही केवळ आवड नव्हे, तिच्यामागे अंकगणित आहे.

पण मग एवढ्या नव्या कंप्रतांनी आवाज कर्कश व्हायला हवा. तो तसा होत नाही, कारण इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरमधला ध्वनिक्षेपक बहुधा १० किंवा १२ इंचांचा एकच मोठा कागदी शंकू असतो. सुमारे ५,००० हर्ट्‌झच्या वर त्याचा प्रतिसाद झपाट्याने उतरतो. कानाला बोचणाऱ्या उंच कंप्रता तो गाळून टाकतो. म्हणजे हा ध्वनिक्षेपक पाहिजे तेवढा चांगला नाही म्हणूनच तो चांगला आहे! लाकडी पेटीचे काम तो करतो. इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प्लिफायर हा वाद्याचाच अर्धा भाग आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

प्रामाणिक ॲम्प्लिफायरची कसरत

साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरचे काम उलट आहे. पेटीने घडवलेला आवाज त्याने बिघडवायचा नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण त्यासाठी चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट, कंप्रतेचा पल्ला. तारेवर बोट घसरल्याचा, नख लागल्याचा बारीक आवाजही ऐकू यायला हवा. म्हणून यात खर्जासाठी मोठा आणि उंच कंप्रतांसाठी लहान असे निदान दोन ध्वनिक्षेपक असतात, आणि पल्ला १५,००० हर्ट्‌झच्या पुढे जातो.

दुसरी गोष्ट, राखीव शक्ती. तार छेडल्याच्या पहिल्या क्षणी लागणारी शक्ती सरासरीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त असू शकते. तो क्षण कापला गेला तर गिटारचा टणत्कारच हरवतो. इलेक्ट्रिकच्या ॲम्प्लिफायरला कापणे चालते, किंबहुना हवेच असते, म्हणून १५ वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायरही दणदणीत वाटतो. साध्या गिटारला तेवढ्याच मोठ्या पण स्वच्छ आवाजासाठी कितीतरी अधिक वॅट लागतात. ‘जास्त वॅट म्हणजे चांगला’ असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट, आदान रोध. साध्या गिटारच्या घोडीखाली बहुधा दाबविद्युत् पिकअप असतो. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार येतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवले. हा पिकअप विद्युत्‌दृष्ट्या एखाद्या लहानशा धारित्रासारखा असतो. त्याची धारकता ५०० पिकोफॅरड धरू. तो १ मेगाओहम आदान रोधाच्या ॲम्प्लिफायरला जोडला तर ज्या कंप्रतेखाली संकेत घटत जातो ती सीमा काढता येते. २, पाय, रोध आणि धारकता यांच्या गुणाकाराने १ ला भागा. उत्तर येते सुमारे ३२० हर्ट्‌झ. आता गिटारच्या सहा मोकळ्या तारा पाहा: ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० हर्ट्‌झ. सहापैकी पाच तारा सीमेच्या खाली! सर्वांत जाड तारेच्या मूळ कंपनाचा जेमतेम चौथा हिस्सा विद्युत्‌दाब पोचतो. रोध १० मेगाओहम केला तर सीमा ३२ हर्ट्‌झवर उतरते आणि खर्ज परत येतो. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरचा आदान रोध साधारण १ मेगाओहम असतो. वेटोळ्याच्या पिकअपला तो पुरतो, पण नुसत्या स्फटिकाला पुरत नाही. म्हणूनच अनेक गिटारींत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पूर्ववर्धक आतच बसवलेला असतो.

चौथी गोष्ट, घुमणे. पोकळ पेटी साधारण १०० आणि २०० हर्ट्‌झच्या आसपास अनुस्पंदन पावते. ध्वनिक्षेपकाचा आवाज पेटीवर आदळतो, पेटी हलते, पिकअप ते हलणे पुन्हा ॲम्प्लिफायरला कळवतो, आणि हे चक्र चालूच राहते. माइक शिट्टी मारतो त्याचाच हा खालच्या पट्टीतला भाऊ. यासाठी साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये नेमकी त्रासदायक कंप्रता शोधून तेवढीच कापणारे बटण असते. कधी संकेताची कला उलटी करण्याची सोय असते. काही वादक पेटीच्या भोकावर रबरी झाकण लावतात. इलेक्ट्रिक गिटारचे वादक मात्र याच घुमण्याचा मुद्दाम उपयोग करतात. १९६९ साली वुडस्टॉक येथे जिमी हेंड्रिक्स यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले, त्यात हे घुमणे त्यांनी स्वरासारखे वापरले होते. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा मित्र, असाच हा प्रकार.

आता आमच्या सभागृहात काय झाले ते तुम्हाला सांगता येईल. त्या मुलाच्या पिकअपला पूर्ववर्धक नव्हता, म्हणून खर्ज गेला. मोठ्या शंकूने चमक गाळून टाकली. उरला तो मधला पट्टा, म्हणजे पत्र्याचा डबा. आणि आवाज वाढवताच पेटी घुमली, तर ते घुमणे कापायला बटण नव्हते. तीन दोष दिसले, पण मुळात चूक एकच होती. “कशासाठी?” हे मी विचारले नाही.

मग विरूपण वाईट की चांगले?

काही शिक्षकमित्र म्हणतील, “हे सगळे ठीक आहे; पण विरूपणाला चांगले म्हणणे म्हणजे पाश्चात्त्य फॅशनपुढे मान तुकवणे नव्हे का?” मला तसे वाटत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच घरात आहे. तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीचा माथा मुद्दाम किंचित उतरता घासतात आणि तारेखाली दोरा सरकवतात, जेणेकरून हलणारी तार घोडीला चाटत राहावी. त्यातून उंच कंप्रतांचा तो झंकार उठतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या या करामतीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तार निमूटपणे कंप पावू द्यायची नाही, तिच्या कंपनात ढवळाढवळ करून नव्या कंप्रता जागवायच्या, हेच तर जवारीत होते. कुशल कारागीर तासन्‌तास बसून जवारी लावतो, त्याला आपण दोष म्हणत नाही. मग व्हॉल्व्हमधल्या ढवळाढवळीला तरी तेवढ्याच कारणाने दोष का म्हणावे? संगीत आवडणे न आवडणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे, पण त्यासाठी भौतिकशास्त्राला साक्षीला बोलावू नये.

याचा अर्थ प्रामाणिकपणा निरुपयोगी आहे, असा नाही. हृदयाचे विद्युत् आलेखन करणाऱ्या यंत्रातील वर्धकाने तरंगाचा आकार बदलला तर डॉक्टर फसतील. भूकंपमापकाने खोटे सांगितलेले चालणार नाही. सतार, संतूर, साधी गिटार यांच्याही बाबतीत आकार जपायलाच हवा. माझे म्हणणे इतकेच की ‘आकार न बदलता’ ही अट निसर्गाने घातलेली नाही. आपण कामानुसार ती घालतो, किंवा घालत नाही.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. ॲम्प्लिफायर शिकवताना व्याख्या लिहून देण्यापूर्वी एक प्रयोग करा. एका मोबाइलवर ४४० हर्ट्‌झचा शुद्ध स्वर देणारे ॲप घ्या आणि तो स्वर लहानशा स्वस्त स्पीकरवर लावा. दुसऱ्या मोबाइलवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारे ॲप सुरू करा. आवाज हळू असताना ४४० वर एक मोठी रेघ दिसेल. आवाज वाढवत न्या. ८८०, १,३२० अशा ठिकाणी नव्या रेघा डोके वर काढतात का, ते मुलांना पाहू द्या. स्पीकर कानाजवळ धरू नये. आणि विद्यार्थी मित्रहो, कुतूहल म्हणूनसुद्धा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर उघडू नका. आत काही शे व्होल्ट दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत तो टिकून राहतो.

राहता राहिला तो मुलगा. बारावीला तो माझ्याच वर्गात होता. मी त्याला प्रयोगशाळेत बोलावले आणि माझी चूक त्याच्यापाशी कबूल केली. मग आम्ही दोघांनी एक फील्ड इफेक्ट ट्रँझिस्टर, १० मेगाओहमचा रोध आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊन छोटा पूर्ववर्धक जोडला. तो प्रयोगशाळेतील साध्या, रुंद पल्ल्याच्या ध्वनिक्षेपकाला लावला. त्याने जाड तार छेडली आणि ८२ हर्ट्‌झचा तो खर्ज टेबलावरच्या काचेच्या भांड्यांत शिरला. ऐकायला मी होतो आणि दार बंद करायला आलेले आमचे शिपाईमामा होते. त्या दिवशी त्याने ते अर्धे राहिलेले गाणे पुरे केले.

तुमच्या शाळेच्या संमेलनातही कोणीतरी विचारील, “यातला चांगला ॲम्प्लिफायर कोणता?” उत्तर देण्याची घाई करू नका. वाजवणाऱ्याला आधी विचारा, “तुला काय ऐकवायचे आहे?”